सॉकेट सर्व्हर आणि डेटाबेस: प्रत्येक गाडीला वेगळं कनेक्शन, सगळ्यांना मिळून एक, का पूल?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रकांना जीपीएस डिव्हाइस बसवलेत, साधारण ३००. त्यांचा डेटा घेणारा सर्व्हर मी पायथॉनमधे लिहिलाय. डिव्हाइस जीटी०६ प्रोटोकॉलवाले, टीसीपीवरून येतात, दर १० सेकंदाला लोकेशन. प्रत्येक डिव्हाइसला एक थ्रेड (प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी शाखा). डेटा जातो पोस्टग्रेस डेटाबेसमधे, ते क्लाउडवर दुसऱ्या मशीनवर आहे. सर्व्हर सुरू होताना सायकोपीजी२ (पायथॉनमधून पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी) ने एक कनेक्शन उघडतो आणि तेच सगळे थ्रेड वापरतात.

नुसता सॉकेटचा भाग छान चालतो, नुसता डेटाबेसचा भागही छान चालतो. दोन्ही एकत्र आले की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मधेच कधीतरी सगळ्याच गाड्यांचं लिहिणं बंद पडतं आणि लॉगमधे "करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड" ची रांग लागते. दुसरी, अवकाळी पाऊस झाला की तोडणी बंद, गाड्या जागेवर, डिव्हाइस फक्त हार्टबीट ('मी चालू आहे' एवढाच निरोप) पाठवतात, ते मी डेटाबेसमधे लिहीत नाही. मग वाफसा येऊन पहिल्या गाड्या हलल्या की थ्रेड बराच वेळ नुसते लटकतात, एरर पण येत नाही. रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत.

नेटवर सॉकेटची उदाहरणं वेगळी आणि डेटाबेसची वेगळी, दोन्ही एकत्र कशी नांदवायची ते कुणी नीट सांगत नाही. तोडलेला ऊस फडात नाहीतर गाडीत पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, त्यामुळे गाडी कुठं आहे हे दिसणं इथं खरंच गरजेचं आहे. जाणकारांनी सांगा, कनेक्शन किती ठेवायची आणि कुठं उघडायची?

मुळशीकर

पूल (उघडून ठेवलेली मोजकी कनेक्शन, आळीपाळीने वापरायची) लावा. विषय संपला.

डीबीए_ताई

मुळशीकर, पूल लावायचाच आहे पण आधी होतंय काय ते बघू, नाहीतर हाच गोंधळ पूलमधे जाऊन बसेल.

पंचगंगाकाठ, तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, म्हणून वेगवेगळं लिहिते.

पहिली. सायकोपीजी२ चं कनेक्शन थ्रेड-सेफ आहे हे खरं, पण त्याचा अर्थ इतकाच की दोन थ्रेडनी एकदम हात घातला तर प्रोग्रॅम कोसळणार नाही. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम) मात्र कनेक्शनला एकच असतं. त्या कनेक्शनवर कितीही कर्सर उघडा, सगळे त्याच ट्रान्झॅक्शनमधे. आता १७ नंबरच्या गाडीने काहीतरी वेडंवाकडं पाठवलं आणि तिचा इन्सर्ट फसला, तर पोस्टग्रेस ते पूर्ण ट्रान्झॅक्शन बाद धरतो आणि कुणीतरी रोलबॅक (रद्द करा) म्हणेपर्यंत बाकीच्या २९९ गाड्यांचं एक अक्षर लिहून घेत नाही. आणि रोलबॅक केला की ज्या गाड्यांचं लिहून झालं होतं पण कमिट (पक्कं करणं) राहिलं होतं त्यांचंही जातं. उलट बाजूने, एका थ्रेडने कमिट केलं की दुसऱ्याचं अर्धवट कामसुद्धा पक्कं होऊन बसतं. म्हणजे एकाच कनेक्शनवर कोण कुणाचं काम पुसतंय किंवा पक्कं करतंय याचा पत्ताच लागत नाही.

दुसरी. सर्व्हर आणि डेटाबेसच्या मधे एखादं फायरवॉल किंवा नॅट (पत्ते बदलून देणारं नेटवर्क उपकरण) बसलेलं असणार. बराच वेळ एकही बाइट गेला नाही की ते त्या कनेक्शनची नोंद टाकून देतं आणि दोन्ही टोकांना काही कळवत नाही. तुमच्या सर्व्हरच्या मते कनेक्शन जिवंतच असतं. तो लिहितो, उत्तर येत नाही, मग लिनक्स तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतं, आणि डिफॉल्ट सेटिंगला हार मानायला १५ मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ तुम्हाला "लटकलंय" दिसतं. टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची चौकशी) चालू असतो पण लिनक्सवर त्याची पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते, तोवर नॅट कधीच विसरून गेलेलं असतं. कनेक्शन स्ट्रिंगमधे कीपअलाइव्हज_आयडल ६० करा, आणि लिबपीक्यू (सायकोपीजी२ च्या आतली पोस्टग्रेसची लायब्ररी) १२ किंवा पुढचं असेल तर टीसीपी_यूजर_टाइमआउट पण द्या. ही तक्रार तेवढ्यानेच जाईल.

कोकणकोडर

ताई, दंडवत. वाखू (वाचनखूण) साठवली.

माझ्या मनात साधा विचार आला, प्रत्येक गाडीच्या थ्रेडला स्वतःचं कनेक्शन दिलं तर? ट्रान्झॅक्शनची सरमिसळ संपली, लॉक नको, पूल नको.

थ्रेडवाले_काका

३०० कनेक्शन? पोस्टग्रेसची मॅक्स_कनेक्शन्स डिफॉल्टला १०० आहे, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, उरली ९७. अठ्ठ्याण्णवावी गाडी फडातून निघाली की "रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ड". आकडा वाढवता येतो, पण पोस्टग्रेसमधे प्रत्येक कनेक्शनमागे एक अख्खी वेगळी प्रोसेस उभी राहते, मेमरी खाते. आणि त्या ३०० पैकी २९० बसूनच असणार, कारण गाडी १० सेकंदात एक ओळ लिहिते.

हिशोबच करा ना. ३०० गाड्या, दर १० सेकंदाला एक पॉइंट, म्हणजे सेकंदाला ३० ओळी. एक इन्सर्ट कमिटसकट ५ मिलिसेकंद धरला तर एकटं कनेक्शन सेकंदाला २०० ओळी लिहील. तुम्हाला पूल पण नको. सगळ्या थ्रेडनी आपापला पॉइंट एका क्यूमधे टाकायचा, एकच लिहिणारा थ्रेड, त्याच्याकडे एकच कनेक्शन, तो क्यूमधून शे-पन्नास ओळी उचलतो, एका इन्सर्टमधे टाकतो, एक कमिट. डेटाबेसला कोण बोलतं? एकच माणूस. भांडण मिटलं.

कारखान्यावरच बघा की, गाड्या ३०० असल्या तरी वजनकाटे किती असतात? प्रत्येक ट्रॅक्टरमागे कुणी काटा बांधत नाही.

मुळशीकर

काट्याचं उदाहरण पटलं काका, पण काट्यापुढे दोन-दोन दिवस लागणाऱ्या लायनी पण आठवल्या.

जर्सीकर

काकांशी अर्धा सहमत. क्यू आणि एक लिहिणारा ही रचना मला पण आवडते पण मुळशीकर म्हणतात ती लाइन हाच खरा मुद्दा आहे. डेटाबेस १० मिनिटं बंद पडला तर सेकंदाला ३० प्रमाणे १८००० पॉइंट मेमरीत जमा. मेमरीला जड नाही ते, पण तेवढ्यात तुमचा प्रोग्रॅम कोसळला किंवा कुणी रीस्टार्ट केला (आणि पंचगंगाकाठ रीस्टार्ट करतात असं वरच लिहिलंय) की सगळं गेलं. गाडी कुठून कुठं गेली ते परत कधीच मिळणार नाही.

म्हणून माझा हट्ट असतो की क्लायंटला पोच द्यायची ती कमिट झाल्यावरच. पोच मिळाली नाही की क्लायंट परत पाठवतो, आणि आपण टेबलवर आयएमईआय (डिव्हाइसचा स्वतःचा क्रमांक) अधिक वेळ असा युनिक कन्स्ट्रेंट ठेवून "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" लिहायचं, म्हणजे दुसऱ्यांदा आलेलं आपोआप गळतं. पोस्टग्रेस ९.५ पासून, म्हणजे २०१६ पासून ही सोय आहे.

पंचगंगाकाठ

ताई, काका, जर्सीकर, मनापासून आभार. कीपअलाइव्ह लगेच लावतोय.

जर्सीकर, पोच कमिटनंतर हे पटलं पण जीटी०६ मधे अडचण आहे. लॉगिन पॅकेटला आणि हार्टबीटला उत्तर द्यावं लागतं, पण लोकेशनच्या पॅकेटला आमची डिव्हाइस उत्तराची वाटच बघत नाहीत. टीसीपीने पोचवलं की त्यांच्या लेखी काम संपलं. मग परत पाठवणार कोण?

जर्सीकर

हो, हे महत्त्वाचं आहे, आणि बऱ्याच स्वस्त प्रोटोकॉलचं असंच आहे. टेल्टोनिकाच्या कोडेक ८ मधे बघा, सर्व्हरला किती रेकॉर्ड घेतले तो आकडा ४ बाइटमधे परत पाठवावा लागतो, आकडा जुळला नाही तर डिव्हाइस परत पाठवतं. तिथे कमिट करून मग आकडा पाठवला की काम चोख. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणजे पॅकेट सॉकेटमधून वाचल्या क्षणापासून जबाबदारी तुमच्या सर्व्हरची. मग क्यू मेमरीत न ठेवता आधी त्याच मशीनच्या डिस्कवर फाइलमधे जोडत जा, आलेले कच्चे बाइट, आल्याची वेळ आणि आयएमईआय. लिहिणारा थ्रेड त्या फाइलमधून वाचून डेटाबेसमधे टाकेल आणि कुठवर आला ते लिहून ठेवेल. डेटाबेस बंद असो, नेट जावो, फाइल वाढत राहील. परत चालू झालं की मागचं भरून निघेल.

कच्चे बाइट ठेवायचा अजून एक फायदा, पार्सरमधे काही चुकलं असेल तर दुरुस्त करून तोच डेटा परत चालवता येतो.

विदर्भवारा

एवढा खटाटोप कशाला भाऊ? ट्रॅकार घ्या. ओपन सोर्स आहे, जावामधे नेटीवर लिहिलंय, जीटी०६ साठी ५०२३ पोर्ट तयारच आहे, डेटाबेसला हिकारीसीपीचा पूल आतच आहे. इन्स्टॉल करा, कॉन्फिगमधे पोस्टग्रेसचा पत्ता द्या, झोपा शांत.

पंचगंगाकाठ

विदर्भवारा, ते बघितलंय, चांगलं आहे. पण आमच्याकडे गाडीची सांगड टोळीशी, मुकादमाशी आणि चिटबॉयने फडात दिलेल्या स्लिपशी घालायची आहे, टोळी दिवसात बदलते, आणि ते लॉगिनच्या वेळीच ठरवावं लागतं. शिवाय हे आपण समजून लिहावं अशी माझी इच्छा आहे. हंगाम संपल्यावर दुसऱ्या कामाला पण हाच सर्व्हर लावायचाय.

थ्रेडवाले_काका

शिकायला म्हणून लिहिताय हे फार चांगलं. पण ट्रॅकारचा सोर्स वाचाच. जीटी०६ च्या वेगवेगळ्या कंपन्यांनी किती छटा काढल्यात ते त्यांच्या डिकोडरमधे दिसतं, तेवढं ज्ञान एका जागी दुसरीकडे नाही.

अनुपमा_क

मी थोडी वेगळी बाजू मांडते. ३०० थ्रेड कशाला? असिंकआयओ वापरा, एकच थ्रेड, इव्हेंट लूप (जिथे डेटा आलाय तिथलं काम आळीपाळीने करणारा), डेटाबेसला असिंकपीजी. हजारो डिव्हाइस आली तरी हलणार नाही. १९९९ मधे डॅन केगेलने सी१०के (एका सर्व्हरवर दहा हजार क्लायंट) वर लिहिलं तेव्हापासून ही चर्चा आहे, थ्रेड-प्रति-क्लायंट वाढत नाही.

फक्त एक पथ्य. इव्हेंट लूपमधे सायकोपीजी२ थेट वापरू नका. तो उत्तर येईपर्यंत लूप अडवून धरतो आणि ताईंनी सांगितलेली १५ मिनिटांची लटकंती झाली तर फक्त एक गाडी नाही, सगळाच सर्व्हर थांबेल, हार्टबीटला उत्तर जाणार नाही आणि डिव्हाइस कनेक्शन तोडून परत परत येत राहतील.

थ्रेडवाले_काका

अनुपमा, सी१०के दहा हजारांसाठी होतं, इथं ३०० आहेत. ३०० थ्रेड लिनक्सला काहीच नाहीत, त्यातले बहुतेक रीसीव्हवर झोपलेले, आणि पायथॉनचा जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) पण नेटवर्कची वाट बघताना सोडला जातो. असिंक वाईट असं मी म्हणत नाही, पण तू सांगितलंस ते पथ्य प्रत्येक ओळीला पाळावं लागतं. एखाद्याने सहा महिन्यांनी त्यात साधी फाइल वाचायची ओळ टाकली की अख्खा लूप थांबणार. थ्रेडमधे तशी चूक एका गाडीपुरती राहते.

अनुपमा_क

काका, ३०० ला मान्य. पण पुढच्या हंगामात दुसऱ्या दोन कारखान्यांनी मागितलं तर?

थ्रेडवाले_काका

तर मीच म्हणेन अनुपमाचं ऐका. :)

नवखा_२३

मी कॉलेजात आहे, थोडा बाळबोध प्रश्न. एका रीसीव्हमधे एक पॅकेट येतं असं आम्हाला शिकवलं. मग आलेलं तसंच फाइलमधे टाकायचं का?

डीबीए_ताई

नवखा, प्रश्न बाळबोध नाही. टीसीपीला पॅकेट कळत नाही, त्याला फक्त बाइटची धार कळते. एका रीसीव्हमधे अर्धं येईल, किंवा अडीच येतील. ऑफिसच्या लॅनवर नेहमी एकेकच येतं म्हणून लक्षात येत नाही, खेड्यातल्या टूजी सिमवर लगेच येतं. जीटी०६ मधे पहिले दोन बाइट ७८ ७८, मग लांबीचा एक बाइट, शेवटी ०डी ०ए. लांबी अधिक ५ एवढे बाइट जमेपर्यंत बफरमधे साठवत राहायचं, पूर्ण झालं की सीआरसी (पॅकेट खराब झालं नाही ना ते सांगणारा आकडा) तपासायचा आणि मगच ते पॅकेट पुढं द्यायचं. नेहमीचं लोकेशन ३६ बाइटचं असतं, लॉगिन १८ चं.

कोकणकोडर

अवांतर: आमच्याकडे बोटींवर असंच काहीतरी लावलं होतं, त्यातली एक बोट अधूनमधून आफ्रिकेजवळच्या समुद्रात दिसायची. अक्षांश ०, रेखांश ०. खलाश्यांना आम्ही विचारायचो, परदेशी जाऊन आलात का?

विदर्भवारा

हाहा. आमची एक एसटी पण जाऊन आलीय तिकडं.

डीबीए_ताई

कोकणकोडर, हे अवांतर नाहीच, मला वाटतं पंचगंगाकाठची पहिली तक्रार इथेच दडलीय. जीटी०६ च्या कोर्स-स्टेटसच्या दोन बाइटमधे जीपीएस फिक्स (उपग्रहांवरून जागा) मिळालाय का सांगणारा एक बिट असतो. फिक्स नसताना काही डिव्हाइस अक्षांश-रेखांशच नाही तर तारीखसुद्धा शून्यं पाठवतात. महिना ०, दिवस ०. तुम्ही ती तारीख स्ट्रिंग जोडून पोस्टग्रेसला देताय का? देत असाल तर पोस्टग्रेस ती नाकारणार, ट्रान्झॅक्शन बाद, आणि पुढचं सगळं वर लिहिलंय तसं.

पंचगंगाकाठ

ताई, अगदी तेच आहे. लॉगमधे अबॉर्टेडच्या रांगेच्या बरोबर आधी "डेट/टाइम फील्ड व्हॅल्यू आउट ऑफ रेंज" आहे, आणि तारीख शून्य-शून्यच. गाडी कारखान्याच्या शेडमधे उभी असताना चालू केली की होतं असं दिसतंय.

जर्सीकर

वा! धागा सार्थकी लागला.

त्याच ओघात वेळेचं पण बघा. ही डिव्हाइस बहुधा यूटीसी पाठवतात, कॉलम टाइमस्टॅम्पटीझेड ठेवा आणि यूटीसी म्हणूनच घाला. भारतीय वेळ दाखवायच्या वेळी करा. नाहीतर पहाटेच्या सगळ्या खेपा साडेपाच तास मागे सरकून आदल्या दिवसाच्या हिशोबात जातील आणि वाहतूकदारांच्या बिलावरून वाद होतील.

सह्याद्री_सिक्युरिटी

कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. हा पोर्ट इंटरनेटला उघडा आहे. तिथे फक्त तुमचे ट्रॅक्टर येत नाहीत, जगभरचे स्कॅनर येतात, एचटीटीपीच्या रिक्वेस्ट येतात, कसलाही कचरा येतो. पहिले दोन बाइट ७८ ७८ नसतील तर लगेच कनेक्शन बंद करा. ३० सेकंदात लॉगिन नाही तर बंद करा, नाहीतर मुकी कनेक्शन थ्रेड अडवून बसतात. आयएमईआय तुमच्या यादीत नसेल तर डेटाबेसपर्यंत जाऊच देऊ नका. जीटी०६ मधे पासवर्ड वगैरे प्रकार नाही, आयएमईआय सांगितला की आत.

एसक्यूएल कधीही स्ट्रिंग जोडून बनवू नका, व्हॅल्यू पॅरामीटरनेच द्या. सर्व्हरच्या डेटाबेस यूजरला त्या टेबलवर सिलेक्ट आणि इन्सर्ट एवढाच हक्क ठेवा. आणि ५४३२ पोर्ट बाहेरच्या जगाला बंद. ही कामं आत्ताच करा, चालू हंगामात कुणी टेबल उडवलं तर शेतकऱ्याचं नुकसान आहे.

मुळशीकर

+१. शेवटचं वाक्य फार खरं.

सी_वाला_बापू

सीमधे लिहिणाऱ्यांसाठी एक भर. फोर्क (स्वतःची दुसरी प्रोसेस काढणं) करणारा सर्व्हर असेल तर डेटाबेस कनेक्शन फोर्कच्या आधी उघडू नका. उघडलंत तर बाप आणि लेक एकाच सॉकेटवर बोलतात, आणि लेकाने जाताना व्यवस्थित पीक्यूफिनिश (कनेक्शन बंद) केलं की डेटाबेसला "मी निघालो" असा निरोप जातो आणि बापाचं कनेक्शनही बंद होतं. पायथॉनच्या मल्टिप्रोसेसिंगला पण हाच नियम, लिनक्सवर पायथॉन ३.१४ च्या आधी डिफॉल्टला फोर्क होतं तिथे.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय: थ्रेड आहेत तेच ठेवतो. पॅकेट पूर्ण झालं, सीआरसी जुळला की फाइलमधे. वेगळा लिहिणारा थ्रेड, त्याचं स्वतःचं एक कनेक्शन, १०० ओळी किंवा १ सेकंद, जे आधी होईल तेव्हा कमिट. एरर आला की रोलबॅक, मग त्या १०० ओळी एकेक करून टाकून बघायच्या आणि जी फसेल ती वेगळ्या टेबलमधे कच्च्या बाइटसकट. लॉगिनच्या वेळी गाडी-टोळी शोधायला मात्र डिव्हाइसच्या थ्रेडला डेटाबेस वाचावा लागतो. तिथे पूल लागेल ना? किती मोठा? आणि अवकाळीत टॉवर बंद पडून परत आला की ५०-६० गाड्या एकदम लॉगिन करतात.

डीबीए_ताई

आराखडा पक्का आहे, विशेषतः फसलेली ओळ वेगळी काढायचं. नाहीतर ती एक ओळ फाइलच्या तोंडाशी अडकून मागच्या सगळ्यांना कायम थोपवून धरते.

वाचायला पूल हवा, आणि तो छोटा. ४ किंवा ५ पुरे. पण सायकोपीजी२ चा थ्रेडेडकनेक्शनपूल घेऊ नका, तो भरलेला असला की थांबत नाही, सरळ "कनेक्शन पूल एक्झॉस्टेड" म्हणून एरर फेकतो. ६० गाड्या एकदम आल्या की ५ आत आणि ५५ ना नकार. सायकोपीजी ३ सोबत येणारा सायकोपीजी_पूल घ्या, तो ३० सेकंदांपर्यंत रांगेत उभं करतो आणि विथ ब्लॉक संपला की कमिट-रोलबॅक स्वतः करतो, त्यामुळे कनेक्शन "आयडल इन ट्रान्झॅक्शन" मधे विसरलं जात नाही. एक गोष्ट सांभाळा, पूलमधून घेतलेलं कनेक्शन हातात धरून सॉकेटवर वाचायला बसू नका. गाडीचं नेटवर्क गेलं तर ते कनेक्शन तिच्यासोबत अडकतं, आणि अशा ५ गाड्या झाल्या की पूल संपला. घ्या, क्वेरी चालवा, परत द्या, मग सॉकेटकडे वळा.

थ्रेडवाले_काका

शिवाय ३०० गाड्यांची आयएमईआयची यादी मेमरीतच ठेवा की, ५ मिनिटांनी ताजी करत. लॉगिनला डेटाबेस लागणारच नाही, पूल पण नको.

डीबीए_ताई

काका, टोळी दिवसात बदलते म्हणतायत ते. ५ मिनिटं जुनी माहिती चालेल का ते पंचगंगाकाठनी चिटबॉयला विचारून ठरवावं.

पंचगंगाकाठ

विचारलं. ५ मिनिटं चालतात, स्लिप लिहायलाच तेवढी लागतात. मग काकांची यादी मेमरीत, ती ताजी करायला लिहिणाऱ्या थ्रेडचंच कनेक्शन, आणि अचानक यादीबाहेरची गाडी आली तर तेवढ्यापुरता छोटा पूल.

बीडकर_मायएसक्यूएल

मी उशिरा आलो. आमच्याकडे असाच सर्व्हर आहे, मायएसक्यूएलवर, आणि रोज सकाळी पहिली क्वेरी "सर्व्हर हॅज गॉन अवे" देते. दुपारी कधी नाही. हे पण नॅटचंच का?

डीबीए_ताई

रोज सकाळीच होत असेल तर आधी वेट_टाइमआउट बघा. मायएसक्यूएल तो डिफॉल्टला २८८०० सेकंद ठेवतो, म्हणजे ८ तास. रात्रभर कुणी काही विचारलं नाही की सर्व्हर स्वतःच कनेक्शन बंद करतो. आकडा वाढवण्यापेक्षा पूलमधल्या कनेक्शनचं कमाल आयुष्य त्याहून कमी ठेवा, अर्धा तास वगैरे, आणि जुनी कनेक्शन तिथूनच बदलू द्या. कुठला पूल वापरताय तुम्ही, आणि भाषा कुठली?